डॅलसहून कार्ल्सबॅडला जाताना स्वीटवॉटरच्या अ‍ॅव्हेंजर फील्डला थांबावं का?

वाट_वाकडी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात डॅलसहून कार्ल्सबॅड केव्हर्न्सला गाडीने जायचा बेत आहे. बरोबर बायको, पाचवीतली लेक आणि माझी आई (सांगलीहून आलीये, दिवाळीपर्यंत आहे). आय-२० वर अ‍ॅबिलीनच्या पुढे स्वीटवॉटर लागतं, तिथे जेवायला थांबू असं ठरवत होतो, तर मॅपवर गावाच्या पश्चिमेला अ‍ॅव्हेंजर फील्ड नावाचं एअरपोर्ट दिसलं आणि त्याला लागूनच दुसऱ्या महायुद्धातल्या महिला वैमानिकांचं म्युझियम. मी या रस्त्याने आधीही गेलोय पण हे कधी लक्षातच आलं नाही, पवनचक्क्या सोडून तिथे काही असेल असं वाटलंच नव्हतं.

आता सांगा, तासदीड तास घालवण्यासारखं आहे का? लेकीला विमानांचं वेड आहे, आईला अजिबात नाही. आणि दुसरं म्हणजे गाव जेमतेम दहा-साडेदहा हजार वस्तीचं, तिथे पॅसेंजर विमान एकही येत नाही, मग सॅटेलाइटवर एवढे लांबलचक रनवे कसले दिसतायत? आमच्या सांगलीला कवलापूरची धावपट्टी किती वर्षं नुसती चर्चेत आहे म्हणून जास्तच खुपलं :)

टेलविंड_टेक्सास

रनवेचं मी सांगतो, बाकी म्युझियमचं इथल्या दुसऱ्या कुणीतरी सांगा.

मी पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) करताना सोलो क्रॉस-कंट्रीला, म्हणजे एकट्याने लांबच्या उड्डाणाला, तिथे उतरलोय. दोन रनवे आहेत, १७-३५ आणि ४-२२, दोन्ही साडेपाच हजार फुटांच्या वर. उतरायची परवानगी देणारा कंट्रोल टॉवर नाही. रेडिओवर आपणच आपलं नाव गाव पत्ता सांगायचा, की मी अमुक विमान, दहा मैल पूर्वेला, उतरायला येतोय, आणि कुणी ऐकत असेल तर त्याने बाजूला व्हायचं. बहुतेक वेळा ऐकायला कुणी नसतंच. छोट्या सेस्नाला उतरायला हजार-दीड हजार फूट पुरतात त्यामुळे तिथे उतरलं की विमान जमिनीवरून चालवत थांब्यापर्यंत न्यायलाच कंटाळा येतो.

एवढं लांब का, तर युद्ध. अमेरिकेत असली शेकडो गावं सापडतील, कापसाच्या नाहीतर मक्याच्या शेतात पाच-सहा हजार फुटांचा रनवे आणि भलंमोठं सिमेंटचं पटांगण, ज्यावर आता चार विमानं उभी. १९४० ते ४५ मध्ये आर्मीला लाखांच्या संख्येने पायलट, नॅव्हिगेटर, बॉम्बार्डियर तयार करायचे होते आणि त्यासाठी सपाट जमीन, मोकळं आकाश आणि कमी वस्ती पाहिजे होती, आणि हे तिन्ही वेस्ट टेक्सासात फुकट मिळतं. जुने फोटो बघाल तर अशा बऱ्याच ठिकाणी रनवेंचा त्रिकोण दिसतो. तेव्हाच्या विमानांना शेपटीखाली चाक असायचं, आडवा वारा आला की ती गर्रकन फिरायची, म्हणून वारा कुठूनही आला तरी एक तरी रनवे त्याच्या तोंडाकडे पाहिजे. आता नाकाखाली चाक असलेली विमानं तेवढी नखरे करत नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी तिसरा रनवे टॅक्सीवे (विमान जमिनीवरून नेण्याचा रस्ता) झाला नाहीतर त्यात गवत उगवलं.

आणि उगाच लांब आहे असंही नाही बरं का. स्वीटवॉटर समुद्रसपाटीपासून साधारण २,४०० फुटांवर आहे. जुलैत दुपारी चाळीस डिग्री झाले की हवा इतकी पातळ होते की विमानाला वाटतं आपण सहा हजार फुटांवरून उडतोय. इंजिन कमी ओढतं, पंख कमी उचलतो, रनवे भराभर संपत जातो. त्यात नवशिका पायलट. तेव्हा ते फूट कामाला यायचे.

सुमेधा_ह्यूस्टन

थांबा, नक्की थांबा. मी दोनदा गेलीये, एकदा एकटी आणि एकदा सासूबाईंना घेऊन, त्यामुळे आईंची काळजी करू नका, विमानात रस नसलेल्या माणसालाच ते जास्त भिडतं असं माझं मत झालंय.

थोडं बॅकग्राउंड देते म्हणजे तिथे गेल्यावर काय बघतोय ते कळेल. हे आधी गावाचंच म्युनिसिपल एअरपोर्ट, आज म्युझियम आहे तो हँगर १९२९ चा. युद्धात आर्मीने ते घेतलं, वाढवलं, १९४२ मध्ये आधी ब्रिटिश कॅडेट आले, मग अमेरिकन मुलं, आणि फेब्रुवारी १९४३ पासून बायका यायला लागल्या. बायकांचं ट्रेनिंग सुरू झालं होतं आमच्या ह्यूस्टनला, पण इथलं धुकं आणि विमानांची गर्दी बघून सगळा बाडबिस्तरा स्वीटवॉटरला हलवला. थोड्याच दिवसात पुरुष कॅडेट गेले आणि पूर्ण तळ बायकांचा झाला, शिकवणारे मात्र बहुतेक पुरुषच. बातमी पसरल्यावर पहिल्या आठवड्यात म्हणे आसपासच्या तळांवरच्या शंभरावर पुरुष पायलटना नेमकं इथेच 'इमर्जन्सी लँडिंग' करावं लागलं!! शेवटी खरोखरची इमर्जन्सी असल्याशिवाय उतरायचं नाही असा हुकूम काढला, आणि जागेला नाव पडलं कोक्रनची कॉन्व्हेंट. जॅकलिन कोक्रन म्हणजे या सगळ्याची प्रमुख, युद्धाआधीच विमानांच्या शर्यती जिंकलेली, शिवाय स्वतःचा कॉस्मेटिक्सचा धंदा असलेली बाई.

ऑगस्ट १९४३ मध्ये कोक्रनचं ट्रेनिंग पथक आणि नॅन्सी लव्ह यांचं विमानं पोचवणारं पथक एकत्र करून वास्प, म्हणजे आर्मीसाठी विमानं उडवणाऱ्या महिला वैमानिकांचं पथक, झालं. पंचवीस हजारावर अर्ज आले, १,८३० जणींना घेतलं, त्यातल्या १,०७४ जणी पास होऊन बाहेर पडल्या. आणि अर्ज करायला आधीच पायलटचं लायसन्स पाहिजे होतं हे विसरू नका, पुरुषांना तशी अट नव्हती, मुलगा शेतातून उठून आला तरी त्याला आर्मी शून्यापासून शिकवायची.

राहायला लाकडी बराकी, एका खोलीत सहा कॉट, दोन खोल्यांत मिळून एक बाथरूम, म्हणजे बारा जणी आणि सकाळी सहाची हजेरी. उन्हाळ्यात आत झोपणं अशक्य म्हणून कॉट बाहेर ओढून उघड्यावर झोपायच्या, आणि स्वीटवॉटर हे आजही दर मार्चला रॅटलस्नेकची जत्रा भरवणारं गाव आहे एवढंच सांगते. कपडे पुरुष मेकॅनिकचे ओव्हरऑल, ४४ नंबरचे, पाच फूट दोन इंचाच्या मुलीने बाह्या आणि पाय दुमडून दुमडून घालायचे. तो एक ओव्हरऑल तिथे लावलाय. सासूबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात माझ्यासारख्या दोघी मावतील की गं," आणि मग बराच वेळ तिथून हलल्याच नाहीत.

बाहेर शेजारी टेक्निकल कॉलेजचा कॅम्पस आहे, जुन्या तळाच्याच जागेवर. तिथे विशिंग वेल आहे, दगडी गोल हौद. पहिली सोलो फ्लाइट झाली की मैत्रिणी त्या मुलीला उचलून त्यात टाकायच्या आणि परीक्षेच्या आधी त्यात नाणी टाकायच्या. लेकीला तो दाखवा. म्युझियमचे दिवस आणि वेळ मात्र निघायच्या आधी बघून घ्या, छोट्या गावातलं आहे, रोज उघडं असेलच असं धरून जाऊ नका.

वाट_वाकडी

@टेलविंड, @सुमेधाताई, अरे वा, एवढं असेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद! बायकोला वाचून दाखवलं, हॉल्ट नक्की झाला. एक राहिलं, युद्ध संपल्यावर एवढाले रनवे गावांना कसे काय मिळाले? सरकारने विकले का? आणि आता देखभालीचा खर्च कोण करतं, दहा हजार वस्तीचं गाव??

जुनी_फाइल

हा माझा आवडता विषय त्यामुळे लांबण लागेल, क्षमस्व.

१९४४ च्या सरप्लस प्रॉपर्टी कायद्याने (आणि १९४७ मध्ये त्यात केलेल्या बदलाने) युद्धानंतर नको झालेले तळ गावांना, काउंटींना देऊन टाकायची सोय केली. पैसे जवळपास काहीच नाही. पण बरोबर अटी: हे सार्वजनिक विमानतळ म्हणूनच चालवायचं, कुणाला उतरायला नाही म्हणायचं नाही, जागेतून जे उत्पन्न येईल ते विमानतळावरच खर्च करायचं, आणि अट मोडली तर सरकार जागा परत घेऊ शकतं. स्वीटवॉटरसारख्या ठिकाणी एअरपोर्ट आधीच गावाचं होतं, आर्मीने वापरून मोठं करून परत दिलं, पण बाकी शेकडो ठिकाणी हा कायदा लागला. गावं खूश, फुकटात धावपट्टी. मग पाच-दहा वर्षांनी सिमेंटला भेगा पडल्या, हँगरची छपरं गळायला लागली तेव्हा कळलं की दान मिळालेली गाय चारा खातेच. बऱ्याच गावांनी मग पटांगणावर गोदामं, कारखाने, कॉलेजं आणून भाड्यावर भागवलं, स्वीटवॉटरला कॉलेज आलं ते १९७० मध्ये. आणि मोठी कामं, म्हणजे रनवेचं रिसर्फेसिंग वगैरे, फेडरल अनुदानातून होतात, तो पैसा विमानाच्या तिकिटावरच्या आणि इंधनावरच्या करातून जमतो. म्हणजे तुम्ही डॅलसहून मुंबईला जाता तेव्हा तुमच्या तिकिटातले थोडे पैसे कुठल्यातरी खेड्यातल्या रनवेवर डांबर घालतात, हाहा.

अटी किती घट्ट असतात याचं उत्तम उदाहरण सांता मोनिका. तिथे डग्लस कंपनीचा कारखाना होता, युद्धात सरकारने विमानतळ भाड्याने घेतलं, १९४८ मध्ये शहराला परत दिलं. पुढे आजूबाजूला महागडी घरं झाली, लोकांना जेटचा आवाज नकोसा झाला, शहर म्हणालं बंद करतो, एफएए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) म्हणालं १९४८ चा कागद बघा, कायम विमानतळ ठेवायचं असं लिहिलंय. वर्षानुवर्षं कोर्टबाजी. शेवटी २०१७ मध्ये तडजोड झाली: रनवे ३,५०० फुटांवर आणायचा आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर शहराला बंद करता येईल. ऐंशी वर्षं एका कागदाने धरून ठेवलं.

माझं वैयक्तिक मत, हा कायदा अमेरिकेने केलेल्या चांगल्या कामांपैकी एक. आज खेड्यात हार्ट अटॅक आला की एअर अ‍ॅम्ब्युलन्स उतरते ती बहुतेक असल्याच रनवेवर, पिकांवर फवारणी करणारी विमानं तिथूनच उडतात. आपल्याकडे युद्धातल्या कित्येक धावपट्ट्यांवर लोक भात वाळवतात.

खडूस_काका

सगळे फार भारावलेत म्हणून थोडं पाणी ओततो.

म्युझियम ठीक आहे, पण छोटं आहे, टेक्सासात विमानं बघायची तर याहून मोठी म्युझियम आहेत. मुख्य मुद्दा वेगळा. या कोक्रनबाईंची आरती ओवाळताना हेही सांगा की काळ्या मुलींचे अर्ज त्यांनी घेतले नाहीत. जॅनेट हार्मन ब्रॅग या बाईकडे लायसन्स होतं, अनुभव होता, मुलाखतीपर्यंत गेली आणि काळी म्हणून परत पाठवली. कोक्रनचं म्हणणं असं की बायकांना विमान देणं हेच लोकांना पचत नाहीये, त्यात वर्णाचा प्रश्न घातला तर सगळंच बुडेल. असेल, पण ज्या बाईने आपल्याला दार उघडा म्हणून धडका मारल्या तिनेच आत गेल्यावर कडी लावली.

सुमेधा_ह्यूस्टन

@खडूस_काका, बरोबर आहे तुमचं, आणि मी ते लिहायला हवं होतं असं कुणी म्हणायच्या आत सांगते की धागा ब्रॅगबाईंबद्दल वेगळा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. पण 'छोटं आहे' हे मान्य नाही. मोठ्या म्युझियममध्ये चाळीस विमानं बघून मुलं आइस्क्रीम मागतात.

आणि त्या मुलींना तरी काय मिळालं? विमान आर्मीचं, हुकूम आर्मीचे, ट्रेनिंग आर्मीचं, पण कागदावर त्या सिव्हिलियन. ३८ जणी मेल्या. मेल्यावर सरकारी खर्चाने शव घरी पाठवायची सोय नाही, कॉफिनवर झेंडा टाकायचा हक्क नाही. बरोबरच्या मुलींनी वर्गणी काढून घरी पाठवली. वाट_वाकडी, तुम्ही अ‍ॅबिलीन सोडलं की स्वीटवॉटरच्या अलीकडे मर्केल गाव लागेल. त्याच्या दक्षिणेला २१ मार्च १९४३ ला कॉर्नेलिया फोर्ट पडली. ही लव्हबाईंच्या पथकातली, स्वीटवॉटरला शिकलेली नव्हे. कॅलिफोर्नियाहून तुमच्या डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळाला बीटी-१३ ट्रेनर विमान आणत होती, बरोबर उडणाऱ्या दुसऱ्या विमानाचा धक्का लागला. चोवीस वर्षांची. हीच मुलगी ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरच्या वर हवेत होती, विद्यार्थ्याला शिकवत होती, समोरून जपानी विमान आलं तर हिने कंट्रोल ओढून घेऊन विमान वाचवलं. तिथून वाचली आणि मर्केलला गेली.

हेझल यिंग ली ही स्वीटवॉटरलाच शिकलेली, चिनी वंशाची, पोर्टलंडची. नोव्हेंबर १९४४ मध्ये मोंटानात ग्रेट फॉल्सला लढाऊ विमान उतरवताना टक्कर झाली, दोन दिवसांनी गेली. आणि तिच्यानंतर महिनाभरातच, २० डिसेंबर १९४४ ला, पूर्ण पथकच बंद. त्याआधी जूनमध्ये त्यांना सैन्यात घ्यायचं बिल काँग्रेसमध्ये पडलं होतं, कारण पुरुष पायलट आता पुरेसे झाले होते आणि त्यांना या नोकऱ्या पाहिजे होत्या. ७ डिसेंबरला शेवटच्या बॅचचं ग्रॅज्युएशन स्वीटवॉटरला झालं, आर्मीच्या हवाई दलाचे प्रमुख जनरल अर्नॉल्ड स्वतः आले, कौतुकाचं भाषण केलं, आणि तेरा दिवसांनी या मुली बेकार.

पुढे सत्तरच्या दशकात एअर फोर्सने जाहीर केलं की आता प्रथमच बायका आमची विमानं उडवणार!! तेव्हा या सगळ्या साठीकडे झुकलेल्या, पण अशा पेटून उठल्या की १९७७ मध्ये कायदा होऊन त्यांना व्हेटरनचा दर्जा मिळाला. काँग्रेसचं सुवर्णपदक २०१० मध्ये दिलं, तोवर बऱ्याच जणी हयात नव्हत्या.

नागपुरी_इन_ओमाहा

छान धागा. एक भर घालतो, आपल्याशी संबंध आहे म्हणून. १९४४ मध्ये बी-२९ हे नवं राक्षसी बॉम्बर आलं, त्याच्या इंजिनांना आग लागायची आणि पुरुष पायलट ते उडवायला घाबरायचे. तेव्हा कर्नल टिबेट्स (हो तोच, हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान चालवणारा) याने डोरा डोहर्टी आणि डोरोथिया मूरमन या दोन वास्पना थोडे दिवस शिकवून तळांवर फिरवलं, की बघा, पोरी चालवतायत. मुलांची भीती गेली. पण वरच्या साहेबांनी लगेच हे थांबवायला लावलं.

आणि त्याच वर्षी याच बी-२९ चा मुक्काम होता आपल्या खडगपूरला आणि आसपास, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी. तिथून हिमालय ओलांडून चीनमध्ये इंधन साठवायचं आणि मग जपानवर जायचं असला द्राविडी प्राणायाम. काही जागा अजून एअर फोर्सकडे आहेत, काहींवर फक्त सिमेंट उरलंय. आसामातलं रूपसी पण युद्धातलंच, ते २०२१ मध्ये प्रवासी विमानांसाठी पुन्हा सुरू झालं. म्हणजे आपल्याकडे अगदीच भात वाळवतात असं नाही @जुनी_फाइल.

वाट_वाकडी

मंडळी, काल रात्री हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, "पगार किती द्यायचे त्या पोरींना?" मला काही सांगता आलं नाही. कुणाला माहितीये का?

टेलविंड_टेक्सास

ट्रेनिंगमध्ये महिना १५० डॉलर, पास झाल्यावर २५०. आणि त्यातूनच राहण्याजेवण्याचे पैसे कापून घ्यायचे. स्वीटवॉटरपर्यंत यायचं भाडं स्वतःचं, सिलेक्ट न होता परत जायची वेळ आली तर तेही भाडं स्वतःचं. हेच विमान पोचवायचं काम करणाऱ्या सिव्हिलियन पुरुषांना याहून जास्त मिळायचं. युनिफॉर्म मात्र झकास, निळा, तुमच्या डॅलसच्या नीमन मार्कस दुकानाने केलेला, पण तो आला १९४४ मध्ये, दहाएक महिन्यांनी सगळं बंदच व्हायचं होतं.

जाताना सकाळी लवकर निघा, दुपारी त्या पट्ट्यात वारा फार असतो आणि विशिंग वेलच्या आसपास सावली नाही. आजींसाठी टोपी ठेवा.

सुमेधा_ह्यूस्टन

आणि लेकीला ओव्हरऑलसमोर उभं करून फोटो काढून इथे टाका (चेहरा न दाखवता चालेल). जेवायचं घरूनच न्या, आजी भाकरीवाल्या असतील तर तिथे हाल आहेत.